जुनी पद्मिनी, जुनी ॲम्बेसेडर आणि आजचं पेट्रोल: काय करावं, कोणत्या क्रमाने

जुनी गाडी दारात आली की सल्ले देणारे आपोआप जमतात. एक म्हणतो, "शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्ह जळतात, आधी हेड उतरवून घे." दुसरा म्हणतो, "ई२० ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) इंजिनची वाट लागणार." तिसरा टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइल ओत म्हणतो, आणि चौथा चक्क डांबरगोळ्या सुचवतो. नवा मालक घाबरतो, हेडच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कामावर हजारो रुपये घालवतो आणि वीस वर्षांपूर्वीचा कडक झालेला पेट्रोल पाइप तसाच ठेवतो. गाडीला आग लागली तर ती त्या पाइपामुळे लागेल, व्हॉल्व्हमुळे नाही.

म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. शिसं काढलं गेलं हा एक प्रश्न, इथेनॉल घातलं गेलं हा दुसरा. पहिला आपल्या देशात बराचसा जुना झाला आहे आणि सावकाश मोजत बघायचा आहे. दुसरा आज रोज टाकीत पडतो आहे आणि त्याचं काम पहिल्या महिन्यातच करायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी, फार नाही. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग (टेट्राएथिल लेड) मिसळलं तर इंजिन नॉकिंग करत नाही (आत अवेळी पेटून ठोके देत नाही), हे १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांच्या लक्षात आलं. त्या शिशाने नकळत आणखी एक काम केलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) आणि त्याची सीट (झडप बंद होताना टेकते ती कड) यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसायचा, आणि तापलेलं लोखंड लोखंडाला चिकटायचं नाही. थर गेला की प्रत्येक ठोक्याला सीटचे सूक्ष्म कण सुटतात आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये आत बसत जातो. भारतात एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. इथेनॉलची चाल त्यानंतरची: जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

१. तुमच्या गाडीत नेमकं कोणतं इंजिन आहे ते बघा

पद्मिनी, म्हणजे मुळात फियाट ११००, हिचं १०८९ सीसीचं इंजिन. ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियमवर व्हॉल्व्ह थेट बसवता येत नाही, त्यामुळे त्यात सीटच्या वेगळ्या रिंगा कारखान्यातच ठोकलेल्या असतात. शिशाच्या बाबतीत पद्मिनीवाल्याला काळजीचं कारण कमी.

ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. त्याचं हेडही बिडाचं आणि सीट त्या बिडातच कापलेली. वर सांगितलेला त्रास होऊ शकतो तो इथे. मॉरिस मायनरसारख्या ए-सिरीजच्या गाड्यांचीही तीच गत. तुमची ॲम्बेसेडर १९९० च्या दशकातली इसुझू १.८ इंजिनाची असेल तर हेड ॲल्युमिनियमचं आहे, तुम्ही सातवी आणि आठवी पायरी नुसती चाळा.

मागच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: २००० नंतर गाडी चालती होती का? चालती असेल तर ती वीस-पंचवीस वर्षं शिसं नसलेल्या पेट्रोलवरच पळाली आहे, आणि व्हायचं ते नुकसान झालं असेल किंवा झालं नसेल, दोन्ही मोजून कळतं. कोणाच्या तरी वाड्यात १९९७ पासून उभी असलेली गाडी मात्र वेगळी. तिने बहुधा शिशाचं पेट्रोल सोडून दुसरं काही पाहिलेलंच नाही.

ऑक्टेनची चिंता कोणीच करू नये. या दोन्ही इंजिनांचं कॉम्प्रेशन आठास एकाच्या आत आहे आणि आपल्याकडे एके काळी ८३ ऑक्टेनचं पेट्रोलही विकलं जायचं. आजचं साधं पेट्रोल त्यांना भरपूर झालं.

२. कागद आणि सामान जमवा

कागद: आरसी, विमा, पीयूसी आणि गाडीचं मूळ मॅन्युअल. मॅन्युअल नसेल तर छायाप्रत मिळवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात अशी पुस्तकं हाती लागतात. टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांमधली फट), जेटचे नंबर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांचे), टायमिंग हे सगळं त्यात आहे, आणि "मेकॅनिकला माहीत असतं" यावर विसंबू नका. आज तिशीत असलेल्या मेकॅनिकने कार्बोरेटर फार तर बाइकचा उघडलेला असतो.

पंधरा वर्षांनंतर आरसीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल तर जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' नोंदणी करता येते. तिचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. यात एक मेख आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. नंबरप्लेटच्या हौसेपायी रोजची गाडी अडकवून घेऊ नका.

सामान: फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना, जेट काढायचा नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, १०० मिलीचं काचेचं मोजपात्र, नवा पेट्रोल पाइप आणि गोल कडांच्या क्लिपा, चार-पाच इनलाइन फिल्टर, पंपाचा आणि कार्बोरेटरचा किट, एक वही. आणि पावडरचा छोटा अग्निशामक. शेवटची वस्तू ऐच्छिक नाही.

३. पेट्रोलच्या वाटेवरचं सगळं रबर बदला

हे काम सर्वांत आधी, गाडी पहिल्यांदा लांब नेण्याच्याही आधी. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि नंतर कोरडं झालं की चिरा पडतात. पाइप बाहेरून ठीक दिसतो आणि आतून भुगा सुटत असतो. जुना पाइप काढून उभा चिरा, म्हणजे कळेल.

नव्या पाइपावर 'एसएई जे३० आर९' हा शिक्का रोमन अक्षरांत छापलेला हवा. आर९ म्हणजे आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर. यालाच बाजारात व्हिटॉन म्हणतात. आर६ स्वस्त आहे, तो घेऊ नका. दुकानदार म्हणतो "इंजेक्शनचा पाइप आहे, एकदम भारी." त्याच्या शब्दावर जाऊ नका, शिक्का वाचा. स्कूटरला लावतात तो पारदर्शक पाइप तर अजिबात नको, तो काही महिन्यांत काचेसारखा कडक होतो.

बदलायच्या जागा: टाकीपासून लोखंडी नळीपर्यंतचा तुकडा (हा मागे लपलेला असतो आणि हमखास राहून जातो), नळीपासून पंपापर्यंत, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत. मग मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम. जुना कापड-रबराचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल बाहेरच गळतं असं नाही, ते खाली ऑइलच्या चेंबरमध्येही उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी सुरूच करू नका. पंपाच्या काचेच्या वाटीखालचं कॉर्कचं वॉशर आणि कार्बोरेटरची गॅस्केटंही याच वेळी.

जोडाला गळती असेल तर सिलिकॉन लावून बंद करणारे खूप भेटतील. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि त्याचा तुकडा जाऊन जेटमध्ये बसतो. टेफ्लॉन टेपचंही तेच. तोटी खराब असेल तर तोटी बदला.

हे सगळं मोकळ्या जागेत, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, इंजिन गार असताना.

४. टाकी आणि फिल्टर

जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा असतो. पाणी शोषलेलं इथेनॉल तो मुलामा खातं, आणि खाली गंज असेल तर तो सोडवतं. वर्षानुवर्षं भिंतीला चिकटलेला राळेसारखा थरही इथेनॉल विरघळवून पुढे पाठवतं. परिणाम एकच: बराच काळ बंद असलेली गाडी नव्या पेट्रोलवर पहिले काही दिवस छान चालते आणि मग रस्त्यात मिसिंग मारायला लागते. लोक म्हणतात पेट्रोल वाईट होतं. पेट्रोलने टाकी धुतली, एवढंच.

त्यामुळे पंपाच्या आधी इनलाइन फिल्टर लावा, पहिल्या दोन टाक्यांनंतर तो बदला आणि पुन्हा बघा. लाल-तपकिरी चिखल येतच असेल तर टाकी उतरवा, आतून साफ करून पूर्ण सुकवा. टाकीला आतून जुनं इपॉक्सी लायनिंग केलेलं असेल तर जास्त लक्ष द्या. जुन्या प्रकारचं लायनिंग इथेनॉलमध्ये पापुद्र्यांसारखं सुटतं. आणि टाकीला भोक सापडलं तर रस्त्यावरच्या गॅस वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते.

५. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरी मोजा

मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका. वर ९० मिली पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा रंगीत थर वाढतो. तो १० वरून २८ च्या आसपास गेला, तर ९० मिलीत १८ मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. बाहेर, विस्तवापासून लांब करा. नंतर ते मिश्रण टाकीत परत ओतू नका.

हे शिकण्याचं कारण म्हणजे 'प्रीमियम' या नावाबद्दलचा गैरसमज. महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलं पेट्रोल असं नाही. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असू शकतं. इथेनॉल टाळायचं म्हणून जुन्या गाड्यांचे बरेच मालक १०० ऑक्टेनकडे वळतात, पण ते लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे जातं आणि मोजक्याच पंपांवर मिळतं. माझं मत विचाराल तर रोज ते भरण्यात अर्थ नाही. तिसरी आणि चौथी पायरी नीट केली असेल तर गाडी ई२० वर चालते. १०० ऑक्टेन कधी कामाला येतं ते शेवटच्या पायरीत.

इंग्लंडात राहून मॉरिस किंवा एमजी सांभाळणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, आणि सुपर प्रतीचं ई५ जुन्या गाड्यांसाठी उपलब्ध ठेवलं आहे. तिथले सल्ले वाचताना हे लक्षात ठेवा. त्यांची धास्ती १० टक्क्यांची आहे, आपला रोजचा व्यवहार २० टक्क्यांचा.

६. कार्बोरेटर: एक नंबर मोठा जेट, त्याहून जास्त नाही

साध्या पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त ९ पट. ई२० ला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीतला सेन्सर हे जुळवून घेतो. तुमचा कार्बोरेटर तेवढंच पेट्रोल सोडत राहतो, म्हणून मिश्रण पातळ होतं. लक्षणं ओळखीची आहेत: पिक-अप मरतो, एकसारख्या वेगात गाडी हलके हिसके देते, चोक लवकर बंद केला तर कार्बोरेटरमधून फटाका येतो, तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर राहतो.

आधी जेट बदलायला धावू नका. पॉइंट, प्लग, टायमिंग, फ्लोटची पातळी आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा हे सगळं नीट करा. अर्ध्या गाड्या इथेच बऱ्या होतात. मग मॅन्युअलमधला मेन जेट आणि प्रत्यक्ष बसवलेला जेट ताडून बघा. पूर्वी कोणीतरी 'ॲव्हरेज वाढवायला' बारीक जेट घातलेला असणं ही या गाड्यांची नेहमीची कहाणी आहे.

मूळ जेट बरोबर असेल आणि तरी लक्षणं असतील, तर एक नंबर मोठा: १२५ असेल तर १३०. व्यास चार टक्के वाढला की भोकाचं क्षेत्रफळ सुमारे आठ टक्के वाढतं, आणि तूटही तेवढीच आहे. जेट पिनने किंवा तारेने कोरून मोठा करणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्या हातून जेट काढून घ्या. एसयू कार्बोरेटर असेल तर जेट बदलायची गरज नाही, खालचं नट थोडं थोडं फिरवून मिश्रण दाट करता येतं.

पंधरा-वीस किलोमीटर चालवून प्लग काढा. खडूसारखा पांढरा म्हणजे अजून पातळ, काजळी म्हणजे जास्त दाट. जुन्या पुस्तकातल्या चित्रांशी मात्र तुलना करू नका. ती शिशाच्या पेट्रोलवरची आहेत, आजचा निरोगी प्लग त्याहून फिका दिसतो. शेवटी पीयूसी केंद्रावर आयडलिंगचा आकडा बघा. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. दाट-पातळ कळण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

ॲव्हरेज थोडं कमी होणार. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ई२० मध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. कितीही ट्यूनिंग केलं तरी हे गणित बदलत नाही.

७. टॅपेटची वही

बिडाच्या हेडवाल्यांसाठी ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि हिला खर्च जवळजवळ शून्य. व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत गेला की त्याचा दांडा वर सरकतो आणि टॅपेटचं अंतर कमी होतं. रॉकर किंवा पुशरॉड झिजले तर अंतर वाढतं आणि टॅपेट वाजतं. म्हणून आवाज करणारं इंजिन ऐकून नवखा घाबरतो आणि अगदी शांत झालेलं इंजिन ऐकून खूश होतो. या बाबतीत उलटं वागा. वाजणारं टॅपेट इंजिन मोडत नाही. अंतर संपून व्हॉल्व्ह पूर्ण बंदच झाला नाही, तर मात्र त्याची कड जळते.

ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसीला गरम इंजिनावर ०.०१५ इंच अंतर असतं. पद्मिनीचं मॅन्युअलमधून घ्या. आठही व्हॉल्व्हचं अंतर बरोबर लावा, वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा. दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, पण जुळवण्याआधी जे सापडलं ते लिहा. मेकॅनिककडून करून घेत असाल तर हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो आधी सेट करतो आणि मग "सगळं ओके" म्हणतो. तो आकडा कायमचा गेला.

तीन-चार नोंदींत चित्र स्पष्ट होतं. अंतर जिथल्या तिथे असेल तर काही करू नका, शांतपणे चालवा. एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी घट्ट सापडत असेल तर सीट खचते आहे. हे प्रामुख्याने सतत जोर लावून, जास्त फेऱ्यांवर चालवल्याने होतं. पन्नास-साठच्या वेगाने गावातून फिरणाऱ्या ॲम्बेसेडरला बहुधा कधीच होणार नाही. एक्सप्रेसवेवर ताशी नव्वदने तासभर पळवणार असाल तर वही आणखी जपून लिहा.

शिशाच्या जागी टाकायची ॲडिटिव्ह बाटलीत मिळतात. पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस किंवा मँगनीज यांपैकी कशावर तरी ती आधारलेली असतात. चांगली असतात ती सीट खचण्याचा वेग कमी करतात. पण मात्रा बाटलीवर आहे तीच ठेवा, दोन वेगळ्या प्रकारची एकत्र करू नका, आणि 'ऑक्टेन बूस्टर' लिहिलेली बाटली म्हणजे शिशाला पर्याय नव्हे. टू-स्ट्रोक ऑइलने सीटचं रक्षण होत नाही, प्लग मात्र खराब होतात. रॉकेल आणि डांबरगोळ्या यांबद्दल लिहायचीही गरज पडू नये.

८. हेडचं काम, लागलंच तर

वहीने सांगितलं तरच, किंवा हेड दुसऱ्या कारणाने उतरलंच असेल तर. फक्त एक्झॉस्टच्या चार जागी कडक सीट इन्सर्ट बसवायच्या. इनलेटला गरज नसते, कारण आत येणारं गार मिश्रण त्यांना तापू देत नाही. हेड आधी स्वच्छ करून भेगांसाठी डाय टेस्ट (रंग लावून भेग दाखवणारी तपासणी) करून घ्या. बी-सिरीजच्या हेडला व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत भेग जाण्याची खोड आहे, आणि भेग गेलेल्या हेडमध्ये सीट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

काम अशाच मशीन शॉपला द्या ज्यांच्याकडे सीट कापायचं मशीन आहे आणि ज्यांनी बिडाच्या हेडमध्ये इन्सर्ट बसवल्या आहेत. नुसत्या लेथवर "बसवून देतो" म्हणणाऱ्याला नाही. खोली थोडी जास्त गेली तर कटर पाण्याच्या जॅकेटमध्ये शिरतं आणि हेड भंगारात जातं. सीट घट्ट बसणारी असावी लागते. सैल बसली तर गरम झाल्यावर निसटते आणि पिस्टनवर येते. त्याच वेळी व्हॉल्व्ह गाइड तपासा. गाइड ढिला असेल तर नवी सीटही तिरकी झिजेल. ब्लॉकला हात लागत नाही, त्यामुळे इंजिन नंबर बदलत नाही आणि आरटीओकडे जावं लागत नाही. अख्खं इंजिनच बदललं तर मात्र आरसीवर नोंद हवी.

९. उन्हाळा आणि घाट

एप्रिल-मेच्या दुपारी खंबाटकी चढताना गाडी गुदमरून थांबली आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू झाली, तर तो वेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्तीही वाढते. पंपावर ओलं फडकं टाकण्याची टॅक्सीवाल्यांची युक्ती शास्त्रशुद्ध आहे, ती वापरा. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब वळवणं, कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक जाड पॅकिंगचा तुकडा जागेवर आहे का बघणं (मागच्या कोणीतरी तो फेकलेला असतो), आणि रेडिएटर आतून साफ करणं.

१०. पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत पाण्याला तोटा नसतो. प्रमाणाबाहेर पाणी शोषलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोलची नळी तळातूनच ओढते. त्याच पाण्याने कार्बोरेटरच्या जस्ताच्या भांड्यात पांढरी भुकटी जमते.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं तरी प्रत्यक्ष चालवणार असाल तर वेगळं काही करायला नको. जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवणं याला चालवणं म्हणत नाहीत. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर आधी टाकी जवळजवळ संपवा, मग पाचव्या पायरीची चाचणी करून इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेन काठोकाठ भरा. हा खर्च करावा असा प्रसंग हाच. थोडी चालवून ते कार्बोरेटरपर्यंत पोचू द्या. मग पंपाचा पाइप काढून बंद करा आणि इंजिन आपोआप मरेपर्यंत सुरू ठेवा, म्हणजे भांडं रिकामं होईल. बॅटरी काढा.

ई२० भरूनच गाडी राहिली असेल, तर गणपतीनंतर सेल्फ मारण्याआधी टाकीचा खालचा ड्रेन प्लग उघडून अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाका, फिल्टर बदला, पंपाची वाटी पुसा, आणि नवं पेट्रोल भरूनच चावी फिरवा.